नत्था गप्प का? : ‘पीपली लाइव्ह’ आणि गरिबीवरचं हसू

(भंडारा इथं झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



विषय सिनेमाचा आहे, पण सुरुवात घरापासून करतो. ‘पीपली लाइव्ह’ आला २०१० च्या ऑगस्टमध्ये. माझा थोरला भाऊ धानाचा शेतकरी, आमची बांधी लाखांदूरकडे. माझे साडू यवतमाळ जिल्ह्यातले, कापसाचे शेतकरी. पुढच्या दिवाळीत दोघं माझ्याकडे आले होते आणि टीव्हीवर हा सिनेमा लागला. भाऊ पोट धरून हसला. अधूनमधून म्हणायचा, “असंच असते बाप्पा, अगदी असंच असते.” साडू अर्ध्यातून उठून ओसरीत जाऊन बसले. मी मागं गेलो तर एवढंच म्हणाले, “आमच्या गावात हे झालं हाय. मले हासू नाही येत.”

दोघंही शेतकरी, दोघंही कर्जात. एकाला हसू आलं, एकाला आलं नाही. आणि मला दोघांचंही पटलं. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. आज त्याचं थोडं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

गोष्ट थोडक्यात

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिग्दर्शिका अनुषा रिझवी, निर्माता आमिर खान. पीपली नावाचं एक गाव. नत्था आणि बुधिया हे दोन भाऊ. बँकेचं कर्ज थकलंय आणि जमिनीचा लिलाव होणार. मदत मागायला ते गावातल्या पुढाऱ्याकडे जातात. तो चेष्टेनं सांगतो, की आत्महत्या करा, सरकार नुकसानभरपाई देते. दोघं भाऊ खरंच विचार करायला लागतात. मरायचं कोणी? थोरला बुधिया अशा खुबीनं बोलतो की शेवटी धाकटा नत्थाच मरायला तयार होतो. ही बातमी एका स्थानिक पत्रकाराच्या हाती लागते आणि मग गावात वाहिन्यांच्या गाड्यांची रांग लागते. निवडणूक तोंडावर असते. नत्था जगला तर कोणाचा फायदा, मेला तर कोणाचा, याची गणितं सुरू होतात. गावात जत्रा भरते. सरकार नत्थाला एक हातपंप देतं आणि तो तसाच अंगणात पडून राहतो, बसवायला कोणी येत नाही.

तो हातपंप पाहून आपल्या सभागृहात कोण हसणार नाही? पाचसहा हात तर आत्ताच वर झाले. म्हणजे प्रत्येकाच्या गावात एकेक हातपंप पडलेला आहे!

आक्षेप काय होता

आता दुसरी बाजू. हा सिनेमा आला तेव्हा आपल्या विदर्भातूनच त्याच्यावर बंदी घालण्याची मागणी झाली. विदर्भ जनआंदोलन समितीच्या किशोर तिवारींनी ती केली. म्हणणं असं, की या सिनेमानं शेतकरी आत्महत्यांची थट्टा केली आहे आणि शेतकरी पैशासाठी जीव देतो असं चित्र उभं केलं आहे.

मुंबई-दिल्लीच्या समीक्षकांना हा आक्षेप हास्यास्पद वाटला. त्यांचं म्हणणं होतं, अहो, हा सिनेमा तर शेतकऱ्याच्याच बाजूनं आहे, तो हसतोय पुढाऱ्यांना, वाहिन्यांना. तुम्हाला विनोद कळत नाही का?

मला वाटतं, विनोद कळला होता. तो कुठं लागतो हे मात्र दिल्लीला कळलं नव्हतं. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. जिल्हे सहा : अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशिम, यवतमाळ, वर्धा. आपला भंडारा त्यात नव्हता. आपण धानवाले. आत्महत्या आपल्याकडेही झाल्या, पण पाहुण्यांच्या गाड्या इकडं वळल्या नाहीत. त्या सहा जिल्ह्यांत मात्र गावोगाव माणसं येऊन गेली. नेते आले, परदेशी वाहिन्या आल्या, संशोधक आले. विधवेला चुलीपुढं बसवून फोटो काढले.

आणि राज्य सरकारची मदत होती एक लाख रुपये. ती मिळायची तर मृत्यू ‘पात्र’ ठरावा लागतो. हे शब्द तुम्ही ऐकलेत : पात्र आत्महत्या, अपात्र आत्महत्या. सातबारा घरच्याच्या नावावर होता का, कर्ज बँकेचं होतं की नोंदणी असलेल्या सावकाराचं, वसुलीचा तगादा होता का? जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती हे तपासते. ज्या बाईचा नवरा गेला, तिनं हे कागद गोळा करायचे. आणि तहसीलमध्ये, चावडीवर, बसस्टँडवर तिच्या कानावर काय पडतं? “पैशापायी मेला.” हे वाक्य विदर्भात खरोखर बोललं गेलं आहे, नाती तोडणारं वाक्य आहे हे. सिनेमात नेमकी तीच गोष्ट विनोदाचा खांब म्हणून उभी आहे. माझे साडू ओसरीत का जाऊन बसले, ते मला इथं कळतं.

म्हणून आक्षेप घेणाऱ्यांना अडाणी म्हणणं मला मान्य नाही.

तरीही सिनेमाची बाजू

पण सिनेमा शेवटपर्यंत पाहिला तर त्यानं ‘पैशापायी मेला’ या वाक्याचं काय केलं ते दिसतं. शेवटी एका स्फोटात, आगीत एक माणूस जळून मरतो. सगळे समजतात नत्था मेला. मेलेला असतो तो स्थानिक पत्रकार, राकेश. आता नत्थाच्या घरच्यांना पैसे मिळतात का? नाही. कारण ही आत्महत्या नाही, अपघात आहे. योजनेत बसत नाही. म्हणजे अपात्र! आपल्याकडच्या फायलींचं इतकं अचूक चित्र मी दुसऱ्या हिंदी सिनेमात पाहिलेलं नाही.

आणि नत्था कुठं असतो? शहरात, एका इमारतीच्या बांधकामावर, अंगभर धूळ. पडद्यावर अक्षरं येतात, की १९९१ ते २००१ या काळात देशातल्या ८० लाख शेतकऱ्यांनी शेती सोडली. तिथं सभागृह गप्प होतं. माझा भाऊही तिथं गप्प झाला होता. आमच्या गावची किती पोरं रोवणी आटोपली की नागपूरला, हैदराबादला मिस्त्रीच्या हाताखाली जातात, ते त्यानं मनात मोजलं असणार.

आणखी एक पात्र आहे, होरी महातो. नाव प्रेमचंदांच्या ‘गोदान’मधल्या होरीवरून घेतलेलं. हा माणूस रोज एकटा माती खणतो आणि ती विकतो. त्याच्याकडे कोणी कॅमेरा वळवत नाही. एक दिवस त्याच खड्ड्यात तो मेलेला सापडतो. राकेश त्या इंग्रजी वाहिनीच्या बाईला विचारतो, की होरीची बातमी का नाही? तिच्याकडे धड उत्तर नसतं. होरीच्या एकाही प्रसंगाला विनोदाचा स्पर्श नाही. म्हणजे कुठं हसायचं आणि कुठं नाही, याचं भान या सिनेमाला आहे. थट्टा करणारा सिनेमा होरीला ठेवलाच नसता.

मग प्रश्न मिटला का? आपण आक्षेपवाल्यांना म्हणायचं का, की बाबांनो शेवट पाहा आणि शांत व्हा? नाही. कारण माझा स्वतःचा एक आक्षेप आहे, आणि तो वेगळा आहे.

गंमतीतला माणूस

नत्थाचं काम करणारा नट म्हणजे ओंकारदास माणिकपुरी. भिलाईचा. आपल्याकडून रेल्वेनं गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग, मग भिलाई. शेजारचाच म्हणा. हबीब तन्वीरांच्या ‘नया थिएटर’मधला हा कलावंत. हबीबजी रायपूरचे, आणि नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले. त्यांनी छत्तीसगडच्या नाचा मंडळ्यांतली माणसं घेतली आणि जगभर नाटकं केली. ‘पीपली’तली बरीच माणसं त्या परंपरेतली आहेत.

नाचामध्ये काय असतं? जोक्कर असतो, परी असते, परीचं काम पुरुषच करतो. आणि मधल्या विनोदी प्रवेशाला ते काय म्हणतात? ‘गम्मत’. आता आपल्याकडे या. आपली खडी गंमत. शब्द तोच. उभ्यानं सादर करायची म्हणून खडी. आपली दंडार, दिवाळीनंतर मंडईत रात्रभर चालणारी. धान कापून झालेला, अंगात थंडी आणि मधे शेकोटी. इथं बसलेल्यांपैकी निम्म्यांचं बालपण त्या शेकोटीपाशी गेलं आहे.

त्या दंडारीत गरीब माणूस कसा असतो ते आठवा. फाटका असतो, भित्रा असतो, बायकोला घाबरतो, उधारीत बुडालेला असतो. त्याला हसतात सगळे. पण तो गप्प असतो का? मुळीच नाही! मी लहानपणी पाहिलेल्या एका दंडारीत सावकार म्हणतो, व्याज आण. हा म्हणतो, आणतो जी, पण आधी सांगा, मुद्दल कोणत्या सालचं? मी जन्मायच्या आधीचं असेल तर बापाकडून घ्या, तो वरच आहे, तुम्हीही जाणारच आहा. सगळं गाव हसायचं, आणि गावातला खरा सावकार पहिल्या रांगेत खुर्चीवर बसून हसायचा, कारण न हसून करतो काय? मूर्ख दिसणाऱ्या माणसाच्या हातात तिथं सगळ्यात धारदार वाक्य असायचं.

श्याम बेनेगलांचा ‘चरणदास चोर’ पाहा, १९७५ चा, कृष्णधवल. विजयदान देथांनी लिहिलेली लोककथा, तीच हबीबजींच्या नाटकाची. बेनेगलांनी नाचाचेच कलावंत घेतले, सोबत तरुण स्मिता पाटील. चरणदास हा गरीब चोर. गुरूला गमतीगमतीत वचनं देऊन बसतो : सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवर मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही. त्याला वाटतं, हे आपल्या वाट्याला कधी येणारच आहे! गुरू वरून एक वचन मागतो, की खोटं बोलायचं नाही. पुढं राणी स्वतः हे सगळं देऊ करते आणि हा शब्द सोडत नाही, म्हणून जिवाला मुकतो. आपण त्याला हसतो, आणि हसता हसता लक्षात येतं की त्या राज्यात खरं बोलणारा तेवढा एकच माणूस आहे.

आता नत्थाकडे या. ज्या परंपरेत विदूषक राजाला उत्तर देतो, त्या परंपरेतला नट इथं घेतला आणि त्याला जवळजवळ मुका केला. नत्था मोजकंच बोलतो. बुधिया बोलतो, धनिया भांडते, म्हातारी खाटेवरून बिडी ओढत शिव्या घालते. तिच्या शिव्या ऐकून जे हसू येतं ते मंडईतलं हसू आहे. पण ज्याच्या मरणाची गोष्ट चालली आहे, त्याला काय वाटतं? तो परसाकडे जातो, मागं कॅमेरे. तो नाहीसा होतो तर वार्ताहर त्याच्या विष्ठेवर उभा राहून त्याची मानसिक स्थिती सांगतो. हा प्रसंग वाहिन्यांवर मारलेला फटका आहे, कबूल. पण पाहताना नत्था आपल्याला कोणत्या बाजूनं दिसतो? बाहेरूनच. सिनेमाची तक्रार अशी, की वाहिन्या नत्थाला विचारतात आणि उत्तरासाठी थांबत नाहीत. माझी तक्रार अशी, की सिनेमानंही फारसं विचारलं नाही.

माझ्या साडूंना हेच टोचलं असावं, असं मला आता वाटतं. हसण्याला त्यांची हरकत नसावी. ते स्वतः फार नकली माणूस, लग्नात पंगत हसवतात. पण त्या सिनेमात त्यांच्यासारख्या माणसाला एकही टोला मारू दिलेला नव्हता.

हा वाद जुना आहे

हा वाद फक्त आपला नाही. जॉन फोर्ड हे अमेरिकेतलं फार मोठं नाव. १९४० मध्ये त्यांनी ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ केला, उजाड झालेल्या शेतकरी कुटुंबाची गंभीर कथा. सगळ्यांनी डोक्यावर घेतला. पुढच्याच वर्षी, १९४१ मध्ये, त्यांनी ‘टोबॅको रोड’ केला. पटकथाकार तेच, नन्नली जॉन्सन. चार्ली ग्रेपविन हा म्हातारा नटही दोन्हीकडे. विषयही तोच, जमीन गेलेला शेतकरी. पण हे प्रहसन. जॉर्जिया राज्यातला जीटर लेस्टर, कधीकाळी घराण्याची कापसाची शेती होती, आता खायला नाही. जावई सलगमाचं पोतं घेऊन येतो तर सगळं घर त्याच्यावर तुटून पडतं. पोरगा नवी मोटार आणतो आणि ठोकून ठोकून तिचं भंगार करतो. मूळ कादंबरी अर्स्किन कॉल्डवेलची, १९३२ ची. तिच्यावरचं नाटक ब्रॉडवेवर १९३३ पासून ३,१८२ प्रयोग चाललं.

या सिनेमावर आजही दोन तट आहेत. एक म्हणतो, उपाशी माणसाला जनावर करून दाखवलं, फोर्डचा हा काळा डाग. दुसरा म्हणतो, नीट पाहा, यात शोक आहे. मी सलगमाच्या प्रसंगापुरता पहिल्या तटात आहे. तिथं भूक हीच गंमत झाली आहे, आणि मला ते बघवत नाही. पण पुढं एक प्रसंग आहे. जीटर आणि त्याची बायको ॲडा सरकारी अनाथालयाकडे, म्हणजे निराधार म्हाताऱ्यांना ठेवतात तिकडे, पायी निघतात. दोघं रस्त्यानं चालतात, बस्स. तिथं फोर्ड विनोद बंद करतो. जुन्या मालकाचा मुलगा सहा महिन्यांचं भाडं भरून त्यांना परत आणतो. जीटर म्हणतो, आता पेरतो. आणि आपल्याला कळतं की हा पेरणार नाही. पण त्या जमिनीवरचं त्याचं प्रेम खरं आहे, हेही कळतं. आळशी, लबाड, चोरटा जीटर आपल्याशी भरभरून बोललेला असतो, म्हणून ते कळतं. विनोद ओबडधोबड आहे, नत्थापेक्षा कितीतरी असभ्य आहे, तरी जीटर मनात राहतो तो त्याच्या बडबडीमुळे.

घरातून पाहिलेलं

आपल्याच मराठीत एक उदाहरण आहे, ‘पीपली’च्या आदल्या वर्षीचं. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’. नावच वऱ्हाडी शिवी आहे. शेजारच्या शेतकऱ्यानं आत्महत्या केली, आणि अलकाला भीती, की आपला किसनाही तेच करेल. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी. मग ती काय करते? लहान पोराला बापाच्या मागं पाळतीवर लावते. घरात दाणा नाही तरी नवऱ्याला गोडधोड करून घालते, की याचं मन रमावं. किसनाला कळत नाही हे चाललंय काय. बाप शेतात जातो, पोरगं मागं, बाप झाडाआड जातो, पोरगं तिथंही मागं.

बघा, इथंही माणूस परसाकडे जाताना मागं कोणीतरी आहे. तोच विनोद. पण मागं कॅमेरा नाही, त्याचं पोरगं आहे, आणि ते भीतीपोटी आहे, मायेपोटी आहे. आत्महत्येवरच हसतोय आपण, पण आपण घराच्या आत आहोत. साडूंना मी पुढं हा सिनेमा दाखवला. ते हसले. मग बराच वेळ बोलले नाहीत. पण उठून गेले नाहीत.

तेव्हा माझं मत असं. ‘पीपली लाइव्ह’ हा प्रामाणिक सिनेमा आहे, आणि सत्तेचं, वाहिन्यांचं त्यानं केलेलं चित्र अजून शिळं झालेलं नाही. त्यानं शेतकऱ्याची थट्टा केली हा आरोप मी मानत नाही. पण शेतकऱ्याला त्यानं थट्टा करू दिली नाही, ही त्याची उणीव आहे, आणि ती लहान नाही. गरिबीवर विनोद करावा का, असं मला कोणी विचारलं तर मी म्हणतो, करावा, आपण शेकडो वर्षं करतोच आहोत. फक्त त्या विनोदात गरिबाची पाळी कधी येते, ते पाहावं.



श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : सर, गप्प राहणं हेच खरं नाही का? आपल्या गावचा माणूस साहेबांपुढं तोंड उघडते का?*

साहेबांपुढं नाही उघडत, बरोबर आहे. कॅमेऱ्यापुढंही नाही. तेवढं सिनेमानं अचूक दाखवलं. पण तोच माणूस पानठेल्यावर साहेबाची नक्कल करतो की नाही? धानाचे चुकारे अडले की घरी येऊन सगळ्या सरकारला उभं-आडवं घेतो की नाही? (सभागृहात हशा.) सिनेमा नत्थाच्या घरात जातो, रात्री जातो, बायकोजवळ जातो. तिथंही तो गप्पच. ते मला खरं वाटलं नाही.

*प्रश्न : मग बंदीची मागणी योग्य होती का?*

नाही. बंदी घालून कोणाचं दुःख कमी होत नाही, उलट बोलणंच थांबतं. पण जी माणसं रागावली त्यांना कोणी जाऊन विचारलं नाही, की बाबा तुम्हाला नेमकं काय लागलं? त्यांच्या रागाचीही बातमीच झाली, दोन दिवसांची. मला विचाराल तर या सिनेमाला खरं उत्तर आपल्या मंडईत द्यायला हवं होतं. एखाद्या मंडळानं नत्थाची दंडार बसवावी. गावात वाहिनीवाला येतो, माइक पुढं करतो, आणि नत्था त्याला विचारतो, आधी तुमच्या गाडीचा हप्ता किती थकला ते सांगा जी. पुढचं तुम्ही जोडा. तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं जमते.